डॉक्टरबाईंचे वाटे

दूर उत्तरेच्या थंड मुलखात, तोर्नियो नदीकाठच्या त्या एवढ्याशा नगरपालिकेत तीन वर्षं डॉक्टर नव्हता. छातीत कळ आली की गाडीत बसायचं आणि शंभर किलोमीटरवरच्या इस्पितळापर्यंत दम धरायचा. हिल्पा तिथली मुख्याधिकारी; तिचे वडील या हिवाळ्यात दोनदा असे जाऊन आले होते. तिसऱ्या खेपेची तिला धास्ती होती. म्हणून दक्षिणेतून डॉक्टर सार्नी जागा बघायला आली तेव्हा हिल्पाने सदस्यांना बजावलं, "आजचा दिवस भांडू नका. बाईंना कॉफी द्या आणि गप्प बसा."

गप्प बसतील तर शपथ! डॉक्टर दवाखाना बघायला गेली आणि पाच वाड्यांचे पाच सदस्य एकमेकांवर तुटून पडले.

"बाई आमच्या वाडीत बसणार," ओइवा म्हणाला. वयाने सगळ्यांत मोठा, हट्टानेही.

"का? तुमच्याकडे आजारी जास्त?" दुसऱ्या वाडीच्या सदस्याने विचारलं.

"तुमच्या तोंडी लागून होतात!"

शेवटी ओइवानेच तोडगा काढला. नदीच्या खळाळत्या धारेत पकडलेले मासे संध्याकाळी वाटतात, तसे बाईंचे दिवस वाटू. एकाने ढिगांकडे पाठ करायची, दुसऱ्याने ढिगावर बोट ठेवून 'हा कुणाचा?' विचारायचं, पाठमोऱ्याने घराचं नाव घ्यायचं. त्या वाटपावर आजवर कुणी कुरकुरलेलं नाही.

"अहो, ती बाई आहे, मासा नाही!" हिल्पाने कपाळाला हात लावला. पण तिचं ऐकतो कोण?

ओइवा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"सोमवार कुणाचा?"

"खालच्या वाडीचा!"

"मंगळवार?"

"आणि माझी झोप?" दारातून आवाज आला. डॉक्टर कोट घालून उभी होती. "ती कुणाच्या वाट्याला? मी येणार का, हे कुणी विचारलंत?"

कुणीच विचारलं नव्हतं. कॉफी आणि बाईंच्या मुक्कामाची खोली यांच्या गडबडीत हिल्पानेही नाही.

"मला विमानतळावर सोडा."

कुणी सोडायचं, यावरून पाचही जण पुन्हा हमरीतुमरीवर आले. हिल्पाने संतापाने किल्ली उचलली.

रस्त्याला लागल्यावर तिचा बांध फुटला. "त्यांचं जाऊ द्या हो. माझ्या वडिलांचं हृदय धड नाही. रात्री ते खोकले तरी मी दचकून उठते."

डॉक्टर तिच्याकडे वळली. "घर कुठल्या बाजूला?"

"मागे राहिलं."

"मग वळवा गाडी."

हिल्पाने गाडी वळवली आणि भीत भीत म्हणाली, "बाई, आमच्या गावात राहाल का?"

"आधी तुमच्या वडिलांना बघू दे."