पाहुणीला नाचणी

सोमवार, २१ फेब्रुवारी १९६६. सकाळी पावणेसहाला कळंबच्या कोंडाजी हाडवैद्याच्या घरात पाखरी नावाच्या उडत्या खारीनं आढ्यावरून भाताच्या कणगीवर झेप घेतली आणि ती कणगीच्या अलीकडेच जमिनीवर पडली.

झेप जेमतेम सहा हातांची होती. पाखरी ती रोज उजाडताना घ्यायची. पुढच्या-मागच्या पायांमधली कातडी पसरून कणगीवर उतरायची, तिथून खुंटीच्या टोपलीत शिरायची आणि दिवसभर झोपायची. त्या दिवशी ती पुढच्या पायांवर सरकत चुलीपाशी गेली. मागचे पाय ओल्या फडक्यासारखे मागून ओढले गेले.

कोंडाजीनं चहाची बशी खाली ठेवली. पाखरीला मांडीवर घेऊन त्यानं तिच्या पाठीवरून, कमरेवरून बोटं फिरवली. उजव्या मांडीत बाक लागला.

"मोडलंय," तो म्हणाला. "अंडं दे गं एक."

त्याच्या बायकोनं, भागूबाईनं अंडं दिलं. कोंडाजीनं ते फोडून पांढरा बलक वाटीत घेतला, कवच उकिरड्याकडं भिरकावलं, बांबूच्या दोन बारीक कामट्या तासल्या आणि बलकात भिजवलेल्या पट्टीनं पाय बांधला. चाळीस वर्षं तो हेच करत आला होता. बैलगाडीखाली आलेले, माडावरून पडलेले, कळंबपासून नेरळपर्यंतचे लोक त्याच्या ओटीवर यायचे. 'डोळा फसतो, बोट फसत नाय' हे त्याचं बोलणं पंचक्रोशीत पाठ होतं.

पाखरी घरात आली तीही हाडापायीच. आदल्या पावसाळ्यात डोंगरातल्या ठाकरवाडीचा जैतू निखळलेला खांदा घेऊन आला होता. खांदा बसला. महिन्याभरानं त्याची बायको पारू पदरात मुठीएवढं पिल्लू घेऊन आली. तोडलेल्या झाडाच्या ढोलीत सापडलं म्हणाली. कोंडाजी-भागूबाईला मूल नव्हतं. भागूबाईनं पिल्लाला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं, आणि मग दूध सुटल्यावर जे घरात चांगलं ते सगळं तिच्यापुढं ठेवलं. दूधभात, वर रेशनची साखर. सोललेलं केळं. ग्लुकोजचं बिस्कीट. साखर पुरत नाही म्हणून कोंडाजी स्वतः गुळाचा चहा प्यायचा.

दुपारी शेजारचा नामा ओटीवर डोकावला. "कोंडाजीकाका, गावाची हाडं तुमी बसवता, आन घरातच लंगडं?"

"तुझंबी बसवलं हुतं, इसरलास काय रं?"

"म्हणून तं इचारतोय. माजं बसलं का नाय ते आता बघाया लागंल."

नामा हसत गेला. कोंडाजी हसला नाही.

गुरुवारी सकाळी त्यानं पट्टी बदलायला घेतली. उजवा पाय सोडताना डावा अंगठ्याखाली धरून ठेवला होता. तो धडधाकट होता, निदान सोमवारी बोटांना तसा लागला होता. पाखरीनं हिसका दिला. डावी मांडी त्याच्या अंगठ्याखाली वाकली. मोडल्याचा आवाज झाला नाही. ओली फांदी वाकावी तशी ती वाकली आणि तशीच राहिली. पाखरी ओरडली, मग गप्प झाली.

कोंडाजीनं हात काढून घेतले. त्याच्या हातून हाड कधी मोडलं नव्हतं.

"काय झालं?" भागूबाईनं चुलीकडून विचारलं.

"काय नाय. कर्जतला जाऊन येतो."

टोपलीवर धोतराचं फडकं बांधून तो एसटीत बसला. कर्जतच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, देशावरचे. त्यांनी फडकं सोडलं आणि आधी हात मागं घेतला.

"हे जनावर मी कधी तपासलेलं नाही," ते म्हणाले. "पुस्तकातही दोन ओळींपलीकडं वाचलेलं नाही. गाईचं कळतं तेवढं सांगेन. चालेल?"

"सांगा साहेब."

डॉक्टरांनी दोन्ही पाय हलके दाबले, जबडा चाचपला. "जबडापण मऊ आहे. ही पडली म्हणून हाड मोडलेलं नाही. हाड आधीच मऊ झालं होतं, म्हणून ती पडली. खाते काय?"

कोंडाजीनं सांगितलं. सांगताना आवाजात थोडा अभिमानच होता.

"तुम्ही काय करता?"

"हाडवैद्य हाय."

डॉक्टरांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. "मग तुमच्याकडं माणूस हाड मोडून आला की त्याला खायला काय सांगता?"

"नाचणी. सकाळ-संध्याकाळ आंबील. महिनाभर गोड बंद."

"का?"

"हाड भरतं."

"हिला का नाही दिली?"

"घरात आलेल्या पाहुणीला नाचणी कोण वाढतं, साहेब?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं आणि वाचूनही दाखवलं. साखर, बिस्कीट, केळं बंद. नाचणी. अंड्याचं कवच भाजून, कुटून चिमूटभर. कुरतडायला वाळकं हाड. रानात खात असेल तो पाला. कॅल्शियमच्या औषधाचे रोज चार थेंब. कामट्या काढायच्या, कारण मऊ हाड बांधून सरळ होत नाही, दुसरीकडं वाकतं. टोपली जमिनीवर ठेवायची.

"चालंल ना ती?"

"गाय असती तर सांगितलं असतं," डॉक्टर म्हणाले.

घरी चिठ्ठी ऐकून भागूबाई म्हणाली, "अवं, आजारी जिवाच्या तोंडचा घास काढता? आन कवच? ते तुमीच फेकलंत."

"म्हायत हाय."

"डावा पाय कशानं गेला?"

कोंडाजी टोपलीत पाहत राहिला. "माज्या हातानं," तो म्हणाला.

भागूबाईनं टोपली उचलून कोपऱ्यात जमिनीवर ठेवली.

शनिवारी त्यानं पारूला निरोप धाडला. ती रविवारी आली, टोपलीत वाकून पाहिलं आणि दूधभाताच्या वाटीकडं बोट केलं.

"रानात हिला दूधभात कालवून कोन देतं? उंबर खाती ही. साल खाती, कवळा पाला खाती. भेकराचं हाड पडलं आसंल तं तेबी कुरतडती."

"मग देताना बोलली का नाय गं?" भागूबाईनं विचारलं.

"तुमी कवा इचारलं? मधी आले तवा साखर दिसली ताटात. म्या म्हनलं, नशीब काढलं पोरीनं. आमाला नाचनी आन हिला साखर." ती हसली. "पुढल्या जल्माला मीच पाखरी हुईन."

जाताना तिनं अंगणाबाहेरच्या उंबराची डहाळी मोडून आणून दिली. ते उंबर घरापासून वीस पावलांवर होतं.

मग दूधभातही बंद झाला. पाखरीनं नाचणी हुंगली आणि तोंड फिरवलं. उंबराला शिवली नाही. दोन दिवस औषधाचे थेंब आणि पाणी, एवढंच पोटात गेलं. बुधवारी सकाळी ती उठून बसली आणि कोंडाजीला बरं वाटलं. मग त्याला टोपलीच्या तळाशी बिस्किटाचा चुरा दिसला.

"भागे."

"मरू देऊ व्हय उपाशी?" ती पाठमोरी म्हणाली. "तुमचा पेशंट रडला तं तुमी ओटीवर सोडून भाईर जाता. मी घरात आसते. मला ऐकू येतं."

कोंडाजीनं बिस्कीट कुटलं, त्याच्या तिप्पट नाचणीच्या पिठात कालवलं आणि सुपारीएवढी गोळी केली. पाखरीनं ती पुढच्या पायांत धरून खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्यानं बिस्कीट निम्मं केलं. शनिवारी गोळीत बिस्कीट नुसतं वासापुरतं होतं. भाजलेलं कवच भागूबाई स्वतः कुटू लागली, कारण त्याची पूड जाड राहते असं तिचं म्हणणं होतं.

त्या आठवड्यात पायरीवरून पडलेली एक बाई सुजलेलं मनगट घेऊन आली. कोंडाजीनं हात पुढं केला, पण लावला नाही. आधी तिला घरात काय शिजतं ते विचारलं. बाई नवऱ्याकडं बघू लागली.

बुधवार, ९ मार्च. सकाळी सहा. टोपलीतल्या वाळक्या हाडावर दातांचे ताजे ओरखडे होते आणि उंबराची डहाळी एका बाजूनं सोललेली होती. पाखरी टोपलीच्या काठावर चढली होती. डाव्या पायाच्या नख्या वेतात रुतल्या होत्या. उजवा पाय लोंबत होता. ती आढ्याकडं बघत होती. कोंडाजी तिच्याखाली दोन्ही तळवे धरून बसला होता, तिला हात न लावता.