सोजूच्या बाटलीतलं तीळतेल

योम दोकसाम हा माणूस हट्टी होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे वाद नको. बायको गेली तेव्हा त्याने सोजू ही दारू जवळ केली, तीही हट्टानेच. शेतात जाताना एक हिरवी बाटली, येताना एक. मग एका वसंतात त्याच्या मुलाचा संसार मोडला, आणि मुलगा आपल्या लेकीला, गारामला, एका बॅगेसकट अंगणात सोडून इंचन शहरातल्या कारखान्यात परत गेला. त्या दिवशी म्हाताऱ्याने दारूच्या नावाने कानाला खडा लावला. गावाचा अर्थातच विश्वास बसला नाही. तो नुसता ठेच लागून अडखळला तरी लोक एकमेकांकडे बघायचे.

पोर पाचवीतली. घरी हो-नाहीपुरतं बोलायची, शाळेत तेवढंही नाही. तिच्या वर्गाच्या नामगुंग बाई भल्या होत्या. त्यांनी गोडीने विचारून पाहिलं, चित्रं काढायला लावली, शहरातल्या डॉक्टरकडे पाठवलं. पोरीने तोंड म्हणून उघडलं नाही. दोकसाम रात्री तिच्या अंगावर पांघरूण घालायचा आणि मनात म्हणायचा, शिव्या दे बये, पण काहीतरी बोल.

शाळेत इंग्रजी शिकवायला आयर्लंडची एक मुलगी आली होती, ऑर्ला नावाची. तांबडे केस, नाकावर ठिपकेच ठिपके. तिला इथली भाषा येत नव्हती आणि गारामला कुठलीच बोलायची नव्हती, म्हणून असेल, जेवणाच्या सुट्टीत दोघी शेजारी बसायच्या आणि कुणीच कुणाला काही विचारायचं नाही. एका दुपारी ताटात ओक झाडाच्या फळांच्या पिठाची थुलथुलीत वडी आली. इथल्या जन्मलेल्यांनाही ती जेवायच्या काड्यांनी उचलताना घाम फुटतो. ऑर्ला बिचारी ताटभर तिच्यामागे धावत होती. वडी निसटली, टेबलावरून घरंगळत थेट मुख्याध्यापकांच्या वाटीशेजारी जाऊन थांबली.

"टीचर, चमच्याने खा," गाराम म्हणाली.

जेवणघरात सगळ्यांचे हात थांबले. नामगुंग बाईंनी ताट तसंच टाकून म्हाताऱ्याला फोन लावला. तो तेव्हा मिरच्या तोडत होता. ऐकलं, फोन खिशात ठेवला, बांधावर बसला आणि पोटभर रडला. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, चढलीय भरदुपारीच.

त्यानंतर पोर जी सुटली ती सुटली. संध्याकाळी टीचर असं म्हणाली, टीचर तसं म्हणाली, टीचरच्या गावात पाऊस आडवा पडतो. कधी कधी म्हाताऱ्याला वाटायचं, ही जरा गप्प बसेल तर बातम्या तरी ऐकू येतील. मग लगेच स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटायचं.

पुढच्या मे महिन्यात, गाराम सहावीत असताना, इथला शिक्षक दिन आला. त्या दिवशी मुलं बाईंच्या, सरांच्या छातीवर कार्नेशनचं फूल लावतात, गाणं म्हणतात. दोकसामला फूलबील काही सुचणारं नव्हतं. त्याने तीळ काढले. बायकोने स्वतः राखून ठेवलेल्या बियाण्याचे ते तीळ होते, पेरणीपुरते मूठभर सोडले तर घरातले शेवटचे. घाण्यावर नेऊन भाजून घेतले, तेल काढून घेतलं. तेल भरलं सोजूच्या धुतलेल्या बाटलीत, कारण इथे घरोघरी तेल सोजूच्याच बाटलीत राहतं, दुसऱ्या कशात भरलं तर लोकांना ते तेल वाटणार नाही. तोंडाला प्लास्टिक, वर रबर, रबराला दोन वेढे. बायको अशीच बांधायची.

"आजोबा, शाळेत काही न्यायचं नसतं," गाराम म्हणाली. "कायदा आहे."

"कायदा चोरांसाठी असतो."

"सगळ्यांसाठी असतो. बाईंनी सांगितलंय. फूलसुद्धा सगळ्या वर्गातर्फे एकानेच द्यायचं, सगळ्यांसमोर."

"फूल असेल तसं. हे तेल आहे."

म्हाताऱ्याने मुलाच्या लग्नातला सूट घातला, बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली आणि निघाला. वाटेत घाण्याची मालकीण बुनीताई दार झाडत होती. कागदातून डोकावणारी हिरवी मान तिने बरोबर टिपली.

"काय दादा, सूटबूट घालून? आता हिला घेऊन लग्नाला निघालात की काय?"

"तूच तर भरून दिलीस काल, बुने."

"मी तेल भरलं. तुम्ही काय केलंत ते मला काय ठाऊक," ती म्हणाली आणि खो खो हसली.

शिक्षकांच्या खोलीत ऑर्ला छातीवर वर्गाचं फूल लावून बसली होती. दोकसामने कमरेत वाकून नमस्कार केला. बाई वयाने पोरसवदा, पण नातीची गुरू. त्याने दोन्ही हातांनी बाटली पुढे केली.

"नको, नको, आजोबा," ती घाईने म्हणाली.

म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. परदेशातली असून मुलीला रीत कळते. देणाऱ्याने पुढे करायचं, घेणाऱ्याने नको म्हणायचं, दोनदा तरी म्हणायचं. पहिल्याच हाकेला हात पुढे करणारं माणूस कसलं आलंय? त्याने पुन्हा बाटली पुढे केली. तिने पुन्हा नको म्हटलं. वा, म्हणाला मनात, आईबापांनी चांगलं वळण लावलंय. आणि आता घेणारच या खात्रीने, हसत हसत, त्याने तिसऱ्यांदा पुढे केली.

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. चेहरा केसांइतका लाल झाला.

म्हाताऱ्याला कळेना. तो चौथ्यांदा पुढे करतोय, ती भिंतीकडे सरकतेय, आणि नेमके मुख्याध्यापक आत आले. त्यांची नजर बाटलीवर गेली, सुटावर गेली, मग म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर.

"आजोबा," ते सावकाश म्हणाले, "शाळेत हे बरं नाही."

"तेल आहे," दोकसाम म्हणाला. "तिळाचं."

नामगुंग बाई धावत आल्या. त्यांनी त्याच्या कोपराला धरून खुर्चीत बसवलं. "आजोबा, ऐका ना. तेलच आहे, मला माहीत आहे. पण आम्हाला साधी कॉफीसुद्धा घेता येत नाही. ती परदेशी असो की मी इथली, नोकरी जाईल आमची. गाराम या शाळेत आहे तोवर नाहीच घेता येणार. तिला वाईट वाटतंय, बघा तरी."

त्याने पाहिलं नाही. 'आहे तोवर' हेही त्याच्या कानात शिरलं नाही. त्याला ऐकू आलं ते फक्त नाही. आयुष्यभर ज्याच्या हातात हिरवी बाटली दिसली त्याच्या हातून कोण काय घेणार, असंच त्याने त्या नाहीचं भाषांतर केलं. बाटली कागदात गुंडाळून तो उठला. पोरीला ज्या बाईने वाचा दिली तिला आपण साधं थेंबभर तेल देऊ शकत नाही, हे त्याला फार लागलं. बुनीताईच्या दारावरून त्याला तशीच बाटली घेऊन परत यावं लागलं. त्या वेळी ती मान खाली घालून झाडतच राहिली, आणि ते जास्तच झोंबलं.

उन्हाळाभर म्हातारा घुश्शात. ऑर्ला सायकलवरून शेताच्या कडेने जायची, थांबायची, उतरून वाकायची. हा पाठ फिरवून तिळाच्या रोपांशी बोलायचा.

"तुम्ही आज टीचरला बघून तोंड फिरवलंत," गाराम जेवताना म्हणाली.

"ऊन होतं डोळ्यांवर."

"आभाळ भरलं होतं."

"मग पाऊस असेल."

"आजोबा, तिने ती बाटली का नाही घेतली ते नामगुंग बाईंनी सांगितलंय ना?"

"मला काय पडलंय. मी विसरलो ते."

विसरला होता तो, म्हणूनच तर मे महिन्यातली ती बाटली त्याने भातावर ओतायला कधी उघडली नाही. शेवटी तेलाला वास मारायला लागला तेव्हा परसात नेऊन ओतली.

शरदात तीळ आले. पेंढ्या उभ्या करून वाळवल्या, काठीने झोडल्या, गारामने चाळले. बायकोच्या बियाण्याचे म्हणून दोकसामने थोडे बाजूला राखले आणि बाकीचे घाण्यावर नेले.

"किती बाटल्या, दादा?" बुनीताईने विचारलं.

"नेहमीच्याच." जरा थांबून तो म्हणाला, "आणि एक जास्त."

"कुणासाठी?"

"एखादी फुटली तर असावी."

बुनीताईने त्याच्याकडे पाहिलं. या खेपेला चेष्टा केली नाही. त्या जास्तीच्या बाटलीत तिने घाण्याचं पहिलं, सगळ्यात स्वच्छ तेल धरलं. म्हाताऱ्याने प्लास्टिक बांधलं, रबराला दोन वेढे दिले, वर्तमानपत्रात गुंडाळून फडताळात मागे, खारवलेल्या मासळीच्या डब्याआड ठेवली. कुणी विचारलं असतं तर तिथे बाटली आहे हेच त्याने कबूल केलं नसतं. पण ऑर्लाची मुदत हिवाळ्याच्या शेवटी संपते आणि ती कायमची घरी जाणार, हे गारामने सांगितल्यापासून तो रोज एकदा डबा सरकवून बघायचा.

ही शाळा सहावीपर्यंतच, म्हणून हिवाळ्यात सहावीच्या मुलांचा निरोपसमारंभ झाला. मुलांच्या हातात फुलांचे गुच्छ, आयांच्या हातात फोन. गाराम मंचावर उभी राहून मोठ्याने, न अडखळता चार वाक्यं बोलली. ऑर्ला खाली बसून उघड उघड रडत होती. दोकसाम मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. बाटली त्याने आणली नव्हती. चारचौघांत पुन्हा शोभा करून घ्यायची त्याच्यात हिंमत नव्हती, आणि आज दिली नाही तर कधीच नाही, हेही त्याला माहीत होतं. रीतीप्रमाणे आजोबा-नातीने चिनी खानावळीत काळ्या रश्शातल्या शेवया खाल्ल्या. गारामच्या हनुवटीला काळं लागलं. त्याने आपल्या वाटीतल्या शेवया तिच्याच वाटीत सरकवल्या.

घरी येऊन कोट काढतोय तोच फाटक वाजलं.

बर्फात ऑर्ला उभी होती. दोन्ही हातांत सोजूची एक रिकामी बाटली, अगदी त्याने धरली होती तशीच पुढे धरलेली.

"आजोबा," ती म्हणाली. वाक्य पाठ करून आली होती हे लगेच कळत होतं. "गाराम आता माझी विद्यार्थिनी नाही. आज दुपारपासून नाही. मला थोडं तेल द्याल का?"

म्हाताऱ्याने अर्धा काढलेला कोट पुन्हा अंगावर ओढला. आणि तोंडातून निघालं काय, तर रीत.

"कसलं तेल. यंदा तीळ धड आलेच नाहीत."

"थोडंच द्या."

"जास्त भाजलं गेलंय. बुनीचं लक्ष नव्हतं. तुमच्याजोगं नाही ते, बाई."

गाराम मध्ये बोलायला गेली. ऑर्लाने मान हलवून तिला थांबवलं. थंडीने तिचं नाक वाहत होतं, पण ती जागची हलली नाही. इतक्या दिवसांत हे गाव तिला कुणीतरी नीट शिकवलं होतं, आणि कुणी ते गारामच्या दाबलेल्या हसण्यावरून दिसत होतं.

"आजोबा," ती तिसऱ्यांदा म्हणाली, "द्या ना."

दोकसामने तिच्या हातातली रिकामी बाटली घेतली. नाकाशी नेली. "धुतली नाही वाटतं ही."

"धुतली. पण काल रात्रीच प्यायलो. मी आणि नामगुंग बाई. इथे यायला धीर हवा होता."

तो हसला. खांदे हलेपर्यंत हसला, आणि हसता हसताच आत गेला. डबा सरकवला, कागदातली बाटली काढली, आणि उंबऱ्यात येऊन कमरेत वाकून दोन्ही हातांनी दिली. तिने दोन्ही हातांनी घेतली. घेतली ती घेतली, तिथल्या तिथे कागद फाडला, रबराचे दोन्ही वेढे काढले आणि वास घेतला. देणाऱ्यासमोर असं कुणी उघडत नाही. म्हाताऱ्याने लाजून दुसरीकडे पाहिलं.

"या घराचा वास आहे," ती म्हणाली. "गारामच्या स्वेटरला येतो तो."

"आत या, बाई," तो खाकरून म्हणाला. "थंडी आत येतेय."

खालून तापवलेल्या जमिनीवर, बसक्या टेबलाभोवती तिघं बसली. त्याने गरम भात वाढला, वर तळलेलं अंडं, थोडा सोया सॉस. तिने आपल्या बाटलीतलं तेल आधी त्याच्या भातावर ओतलं, मग गारामच्या, मग स्वतःच्या. मग सवयीने काड्या उचलल्या. तेलकट भात काड्यांमधून निसटून मांडीवर पडला.

"टीचर, चमच्याने खा," गाराम म्हणाली.

हे वाक्य दोकसामने फोनवर नामगुंग बाईंच्या तोंडून ऐकलं होतं, शेतात कितीदा मनात म्हणून पाहिलं होतं. पोरीच्या तोंडून त्याच्या कानावर ते आज पहिल्यांदा पडलं. तो उठला आणि लोणचं, किमची, आणतो म्हणून स्वयंपाकघरात गेला, आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. किमची तर टेबलावर मधोमध ठेवलेली होती.