दस्त्याचा बाक

कारागिराने खटका दाबून बंदूक मधोमध उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं आधी ताईंना आणि मग त्यांच्या धाकट्या भावाला दाखवलं, आणि मगच ती टेबलावरच्या हिरव्या बनातीवर ठेवली.

ताई वाकून बघतच राहिल्या. जन्मभर ही वस्तू त्यांनी कपाटाच्या माथ्यावर कांबळ्यात गुंडाळलेली पाहिली होती. बाबांची इंग्रजी बंदूक. बाबा गेल्यावर तिच्यावर गंज चढला, खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता काळा पडला आणि सगळे तिला विसरून गेले. आता तिच्या सडपातळ नळ्यांवर, तळ्यावरून वारा फिरावा तशा बारीक तपकिरी लहरी उठल्या होत्या. कारागीर म्हणाला की हा रंग नव्हे. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या वेणीसारख्या पिळून, तापवून, ठोकून ही नळी घडवली आहे. दिसते ती त्या पिळाची वीण. वरचे दोन घोडे मान वळवून बसलेल्या पाखरांसारखे होते. नळीचं तोंड इतकं बारीक, की ताईंची करंगळीसुद्धा जेमतेम आत गेली असती.

मग त्याने एका बाजूची पट्टी सोडवून आतला भाग दाखवला. आतली कमान, आतले बारीक दात, सगळं आरशासारखं घासलेलं.

"हे तुम्ही केलंत?"

"छे. मी फक्त घाण काढली. घासून ठेवलंय ते मूळच्या माणसाने, शंभर वर्षांपूर्वी."

"पण आत कोण बघणार होतं?"

"पुढचा कारागीर, बाई."

ताईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्या चकाकत्या कमानीकडे. वर्गात एखादं पोर अचानक शहाण्यासारखं बोलून जाई, तेव्हा त्यांचं असंच व्हायचं.

भावाला मात्र घाई होती. निवृत्त झाल्यापासून त्याला बाबांची बंदूक एकदा तरी नेमबाजीच्या मैदानावर चालवायची होती. दस्ता वाकडा आहे, तेवढा सरळ करा, असं त्याने फोनवर बजावून सांगितलं होतं. कोपऱ्यातल्या शेगडीवर तेलाचं भांडं तापत होतं. लाकडाला गरम तेलाने शेकायचं आणि शिकंज्यात धरून हळूहळू वळवायचं, अशी रीत.

"मग अजून थांबलात कशाला?" भावाने विचारलं.

"एकदा खांद्याला लावून बघा. डोळे मिटून लावा, बसली की उघडा. हे बघितल्याशिवाय मी कुठल्याच दस्त्याला तेल लावत नाही."

भावाने तसं केलं. डोळे उघडले तर समोर डाव्या नळीची नुसती कड. टोकावरचा, नेम धरायचा मणी कुठेच नाही.

"हेच म्हणतोय मी. पडून पडून लाकूड वाकलंय."

"लाकूड वाकतं, साहेब. लोखंड पडून वाकत नाही." कारागिराने मुठीवरून दस्त्यात शिरलेल्या लोखंडी पट्टीवर बोट ठेवलं. लाकडाबरोबर तीही डावीकडे किंचित वळलेली होती. "हा बाक मुद्दाम दिलाय. घरात डावखुरं कोण होतं?"

भाऊ हसला. "ही होती. बाबांनी सवय मोडून काढली तिची."

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण ताईही सवयीने हसल्या. खुर्चीच्या हाताला रुमालाने बांधलेला डावा हात, आणि उजव्याने वेडीवाकडी गिरवलेली अक्षरं. पुढे त्या शिक्षिका झाल्या, तेव्हा वर्गातल्या डावखुऱ्या मुलांना बाकाच्या डाव्या टोकाला बसवत, म्हणजे शेजाऱ्याचं कोपर लागू नये. का, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

"बाई, तुम्ही बघा."

त्यांनी डोळे मिटून बंदूक डाव्या खांद्याला लावली आणि डोळे उघडले. मणी समोर होता. त्यापलीकडे खिडकी, त्यापलीकडे समोरच्या छपराचं टोक, सगळं एका रेषेत. हातात काही धरलंय हेच त्या क्षणभर विसरल्या.

"म्हणजे तुझ्यासाठी वाकवून घेतली होती," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. "बाबा शिकारीला निघाले की मी बूट घालून दारात उभा राहायचो, ताई. एकदासुद्धा नेलं नाही मला. एकटेच जायचे."

ताई काही बोलणार, तोच कारागिराने नाही म्हणून मान हलवली. त्याने ताईंच्या हातातलाच दस्ता उजेडाकडे वळवला. उजव्या अंगाला, जिथे डावखुऱ्याचा गाल टेकतो, तिथलं लाकूड झिजून मऊ, किंचित खोलगट झालं होतं.

"इथे मी पॉलिश केलं नाही, नुसतं तेल पुसलं. कुणीतरी वर्षानुवर्षं इथे डावा गाल टेकवलाय. बंदूक वापरायचं कोण?"

बंदूक एकच माणूस वापरायचा. बाबा. पोस्टमास्तर असून ज्यांचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं होतं आणि त्यावरून दोघं भावंडं तोंडावर हात धरून हसायची. थोडं लिहिलं की जे उजवा हात झटकत राहायचे.

रुमालाची गाठ मारताना बाबा कधीच आपल्याकडे बघत नसत, हे ताईंना आठवलं. खिडकीबाहेर बघत असत.

कारागिराने कोपऱ्यात जाऊन शेगडी बंद केली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी अडवलंही नाही.

जरा वेळाने भावाने हात पुढे केला. ताईंनी बंदूक त्याच्याकडे दिली. त्याने ती नेहमीप्रमाणे उजवीकडे नेली, थबकला, आणि अवघडत डाव्या खांद्याला लावली. कोपर कुठे ठेवायचं तेही त्याला कळेना.

"उजवा डोळा मीट," ताई म्हणाल्या. आवाज वर्गातला होता. "घाई नको. गाल टेकव. तिथे जागा आहे."

त्याने गाल टेकवला.

"दिसतंय?"

"हं," तो म्हणाला, पण बंदूक खाली घेतली नाही.