जमनीच्या वाडीतली कोबी

आधी एक गोष्ट सांगून ठेवतो. मी अडानी आहे, पन बह्याड नाही. तांड्यात जे लोक सांगून राह्यले का देवसिंग म्हातारपनी डोक्शानं सरकला, रोज सकाऊन कोबीच्या झाडाईसंग बोलते, ते साफ झूट आहे. मी बोलत नव्हतो. पानं उघडत होतो. कायले उघडत होतो, ते ऐका आन मंग काय हासाचं ते हासा.

आमचा तांडा पुसदपासून दोन कोसावर. माहा बाप, आजा लदेणीवाले. बैलाच्या पाठीवर मीठ आन धान्य लादून त्याईनं मुलुख पालथा घातला. मंग रेल आली, मोटर आली, लदेणी बसली, आन आमी वावरं धरले. कापूस मले समजते, जवारी समजते, बैल तं दुरून चाल पाहून समजते. भाजीपाल्यात मात्र मी कधी हात घातला नाही. तो माह्या बायकोचा, रामीबाईचा कारभार. नाल्याच्या काठी अर्ध्या एकरात तिनं वाडी केली होती. मेथी, अंबाडी, चुका, वांगे. दर बाजाराले टोपलं डोक्शावर घेऊन ती पुसदले जाये. ती वारली आन वाडी, टोपलं, बाजारातली बसाची जागा, सारं आमच्या सुनेकडं आलं. सुनेचं नाव जमनी.

आता आमच्यातली रीत. सून सासऱ्यासंग बोलत नाही. घुंगट घेते, समोरून जात नाही. सासऱ्यानंही तिले थेट काही इचाराचं नसते. रामी होती तवा काही अडत नव्हतं. मी रामीले म्हनो, रामी जमनीले सांगे. रामी गेली आन घरात दोन मुक्के राह्यलो. पोरगा धरमसिंग दिवसभर वावरात. मंग जमनीनं एक तोड काढली. आमचा एक म्हातारा बैल होता, लाख्या. ती त्याच्यासंग बोले. म्हने, लाख्या, भाकर झाकून ठेवली आहे, कोनाले भूक लागली असन तं खाऊन घ्यावं. मी बी लाख्यालेच सांगो का बावा, भाकर खाल्ली, मिरची जास्त झाली. बैल बिचारा कान हालवे. असा आमचा संसार चालला होता, आन खोटं कायले सांगू, बरा चालला होता. बाजारातून येताना ती माह्यासाठी तंबाखूची पुडी आने आन न बोलता गव्हाणीच्या कडंले ठेवून देये. पोटच्या पोरानं मले कधी तंबाखू आनली नाही.

मंग पुसद बदललं. कसं बदललं ते मले इचारू नका, मी अजून त्याच गोंधळात आहे. आमी मध्यप्रदेशात होतो, मंग मुंबई राज्यात गेलो, मंग साठ साली महाराष्ट्रात आलो, आन तांडा होता तिथंच होता. शेर जाऊन किलो आला. कचेऱ्या वाढल्या, शाळा वाढल्या, मास्तर आले, कारकून आले. आन नागपूर-अमरावतीकडून टरक याले लागले. टरकात टमाटर, टरकात पत्ताकोबी. जमनीचं टोपलं अर्धं भरलेलंच वापस येऊ लागलं. एक दिवस ती लाख्याले सांगून राह्यली होती का पुसदची इंदुताई मास्तरीन म्हनते, तुही अंबाडी नको, आमच्या घरी पाहुने असते, त्याईच्या पानात अंबाडी कशी वाढू, कोबी आन, जितकी आनशीन तितकी घेतो.

माह्या डोक्शात काही शिरलं नाही. सकाऊन खुडलेली, दव सुकलं नाही अशी भाजी नको, आन दोन दिवस टरकात हिंडलेली पाह्यजे? वास नाही, चव नाही, आन मान तिचा? लय दिवस मी असा चिडत होतो. मंग एकदा मनात आलं का माह्या बापानं बी लोकाईले दूरचंच मीठ आनून देल्लं होतं, आन त्यावरच आमचं पोट चाललं होतं. म्हनजे चिडाचं कोनावर, तेही समजेना.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी मी नेरच्या बाजारात बैल पाह्यले गेलतो, चार-पाच दिवस. तितक्यात आमचा ग्रामसेवक येऊन गेला. त्यानं कोबीचं बी देल्लं, आन धरमसिंगले आन जमनीले बसवून सारं समजावून सांगतलं. मी आलो तवा वाफे टाकून झाले होते. धरमसिंगची मर्जी नव्हती. त्याले तिथं पऱ्हाटी, म्हनजे कापूस, लावाची होती. तो मले म्हनला, "बापू, हा एक हिवाळा. कोबी आली तं आली. नाही आली तं वाडीत पऱ्हाटी, आन जमनी येईन माह्यासंग निंदनाले. बाजार बंद."

जमनी दाराआड उभी होती. तिनं ऐकलं. मीही ऐकलं, आन बोललो नाही. बोलाले पाह्यजे होतं. बाजाराच्या दिवशी ती पोरगी कशी चालते ते धरमसिंगनं कधी पाह्यलंच नाही. इतर दिवशी खाली मान घालून, आन बाजाराच्या दिवशी टोपल्याखाली मान ताठ, पायातले वाळे वाजवत. तिच्यापासून ते काढून घ्याचं म्हनजे तिले घरात कोंडल्यासारखंच होतं. मी मनात म्हनलं, देवसिंग, ही कोबी आली पाह्यजे. काही होवो, आली पाह्यजे.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. कोबीचं झाड मी जन्मात पाह्यलं नव्हतं. पुसदले मी जाओ तं बैलाच्या बाजारात जाओ, भाजीच्या वळीत माहं काय काम? एकदा लग्नाच्या पंगतीत चिरलेली कोबी खाल्ली होती. पन चिरलेल्या भाजीवरून तिचं झाड कसं असते, हे कोन सांगन?

रोपं चांगले लागले. रुंद रुंद पानं, निळसर हिरवी. मी बांधावरून पाहो आन खुश होओ. दीडेक महिना झाला आन एक दिवस सकाऊन जाऊन पाहतो तं मधातली पानं आत वळून राह्यली. एका झाडाची नाही, साऱ्या झाडाईची. मिरचीवर कोकडा येते तवा असंच होते ना! पानं आखडते, मुरडते, आन झाड गेलं कामातून. मी म्हनलं, आला कोकडा. गेली जमनीची वाडी.

सांगाचं कोनाले? धरमसिंगले सांगतलं असतं तं त्यानं त्याच दिवशी नांगर घातला असता. जमनीले सांगता येत नव्हतं. लाख्याले सांगाचं म्हनलं तं तिच्या जिवाले घोर. मंग मी माह्याच अकलेनं इलाज केला. तांबडं फुटलं का मी वाडीत. जमनी झाडलोट करून येईपर्यंत मी एकेका झाडाजवळ बसो आन आत वळलेली पानं बोटानं हळूहळू उघडो, का बाप्पा, ऊन लागू दे, वारा लागू दे. पानं मोठी चिवट. कधी कधी कर्रकन मोडे. मले हळहळ वाटे. दुसऱ्या दिवशी पाहतो तं पुन्हा आत वळलेली. मी पुन्हा उघडो. इतका चिकट रोग मी कुठं पाह्यला नाही. तांड्यातल्या बायाईनं मले पाह्यलं, ते त्याच वेळी. मी वळलेल्या पानाईले शिव्या देत होतो, ते खरं आहे. म्हनून त्या म्हनते का देवसिंग झाडाईसंग बोलते.

एक दिवस जमनी लाख्याजवळ बसली आन म्हनाली का, लाख्या, कोबीले काही तरी झालं. पानं फाटून राह्यले, झाडं पसरून राह्यले, ग्रामसेवकानं सांगतलं तसे झाडं होऊन नाही राह्यले, बाई माह्या हाताले यशच नाही. मी गव्हाणीच्या पलीकडं बसलो होतो. मले वाटलं, पाह्य, तिलेही रोग दिसला. दुसऱ्या दिवसापासून मी आनखी लवकर उठाले लागलो आन एकही झाड सोडलं नाही. फक्त काट्याच्या कुंपनाले लागून जी सात-आठ झाडं होती तिथं माहा हात पोचत नव्हता. ते मी देवावर सोडले.

इलाज लागू पडेना तसा मी पुसदले गेलो. म्हनलं, दुकानात रोगावरची पावडर मिळते, ते आनू. दुकान भाजीच्या वळीच्या तोंडाशी होतं. तिथं घनश्याम नावाचा भाजीवाला टरकातून उतरलेल्या मालाचा ढीग लावून बसला होता. हिरवे पांढरे गोळे, लहान मुलाच्या डोक्शाएवढे, एकावर एक. मी इचारलं का हे कोनतं फळ आहे. तो माह्याकडं पाहतच राह्यला. म्हनला, दाजी, कोबी होय.

मी म्हनलं, कोबी कशी असन? कोबीले पानं असते, माह्या घरी आहे. आन मी एक गोळा उचलून त्याचं वरचं पान उघडलं. खाली दुसरं पान. ते उघडलं, खाली तिसरं. घनश्याम वरडला का म्हाताऱ्या, माल खराब कायले करून राह्यला? तितक्यात एक शहरी बाई आली. तिनं ढिगातला एकेक गोळा अंगठ्यानं दाबून पाह्यला आन म्हनाली, सैल नको, घट्ट दे. घनश्यामनं घट्ट देल्ली. मले तो म्हनला, "पान मिटलं तं कोबी, दाजी. उघडलं तं ढोराचा चारा."

माह्या हातात ते सोललेलं पान तसंच राह्यलं. दीड महिना मी काय करून राह्यलो होतो, ते मले तिथं, भर वळीत, लोकाईच्या धक्क्यात उभं राहून समजलं. जिची कोबी वाचवाले मी थंडीत उकिडवा बसलो, तिची कोबी मीच मारली होती. लाज वाटली, राग आला, आन कोनावर काढाचा ते समजेना. रोग नव्हता तं कोनी मले सांगतलं काहून नाही? पन सांगन कोन? मी इचारलंच कोनाले होतं? दोन कोस मी कसा आलो, मले आठवत नाही.

वाटभर एकच इचार. न सांगतलं तं कोनाले कळनार नाही. बी खराब होतं, जमीन खराब होती, जमनीच्या हाताले यश नव्हतं, काहीही म्हनता येते. तांड्यात माहा मान आहे, नायकाच्या बैठकीत मले इचारते.

दुसऱ्या दिवशी सकाऊन वाडीत गेलो तं धरमसिंग नांगर घेऊन उभा. बैल जुंपलेले. जमनी बांधावर, घुंगट छातीपर्यंत, हातात इळा. ग्रामसेवक येऊन पाहून गेला म्हने, म्हनला का ह्या झाडाईचं आता काही होत नाही. धरमसिंग म्हनला, मी आधीच सांगतलं होतं, बायाईच्या नादी लागून हिवाळा गेला. जमनीनं खाली वाकून एक झाड मुळासकट उपटलं, मंग दुसरं.

मी म्हनलं, "धरम, थांब. कोबी मी उघडली."

तो म्हनला, उघडली म्हनजे? मी सांगतलं. कोकडा सांगतला, पहाटचं उठनं सांगतलं, घनश्यामचा ढीग सांगतला. धरमसिंग आधी तोंड उघडं ठेवून ऐकत राह्यला, आन मंग जो हासाले लागला, तो नांगराच्या रुमन्याले धरून खालीच बसला. मलेही वाटलं, हासून गोष्ट निपटली.

जमनी हासली नाही. ती बांध उतरून आली आन माह्या समोर उभी राह्यली. बैलाच्या समोर नाही, माह्या. घुंगटातून म्हनाली, "बापू, मले काहून नाही इचारलं?"

धरमसिंगचं हासनं बंद झालं. मी म्हनलं, "तुले कसं इचारू? आपल्यात इचारत नाही."

"मी रोज ह्या वाडीत बसून रडली," ती म्हनाली. "म्हनलं, खोट माह्या हातात आहे. सासूबाईच्या हातची वाडी माह्या हातानं मेली."

एवढे दिवस गव्हाणीच्या दोन्ही बाजूनं आमी दोघं बसलो, दोघाईले एकच घोर, आन मधात एक बैल. मी खाली पाह्यलं. डोळ्यात पानी आलं ते तिनं पाहू नये म्हनून पाह्यलं, पन पाह्यलं असन.

मी धरमसिंगले म्हनलं का बैल सोड. वाडी जमनीची आहे, मी जिता आहे तोवर तिथं पऱ्हाटी होनार नाही, आन हे नायकाच्या बैठकीत सांगाले मी तयार आहे, माही फजिती सांगून. तो कुरकुरला, सून सासऱ्याशी तोंड देऊन बोलली तं लोक काय म्हनतीन असं काही तरी पुटपुटला, पन त्यानं बैल सोडले. कुंपनाकडच्या त्या सात-आठ झाडाईवर चांगले गच्च गड्डे धरले होते. जमनीनं ते कापले आन टोपल्यात ठेवले. जाता जाता थांबली.

"आन बापू, पुढच्या खेपेले मले इचारल्याबिगर वाडीत पाय ठेवाचा नाही."

मले असा राग आला! माही जमीन, माह्या बैलानं नांगरलेली, आन काल आलेली सून मले सांगते. तोंडात शिवी आली होती. ती गिळली आन हो म्हनलं.

पुढच्या हिवाळ्यात तिनं पुन्हा कोबी लावली. पानं आत वळाले लागली तवा मी कुंपनाबाहेर उभा होतो. हाताले नुसती खाज सुटली होती. नाल्यावर तांड्याच्या बाया धुनं धूत होत्या, साऱ्या माह्याकडं पाहून राह्यल्या होत्या. मी घसा साफ केला आन सुनेले हाक मारली.

"जमनी, आत येऊ का?"

बायाईचे हात थांबले. जमनीनं घुंगट सावरला, वाफ्यातून वर पाह्यलं.

"आज नको, बापू," ती म्हनाली. "गड्डे भरून राह्यले."

बरं म्हनलं, आन मी तिथंच कुंपनाबाहेर बसलो.