आजोळचं रक्त

प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले, तरी गुणवंतकाकांच्या लघवीच्या पिशवीत लालभडक रक्तच येत होतं. डॉक्टर केतकीने पुन्हा दुर्बीण घालून पाहिलं. फुटलेली अशी एकही रक्तवाहिनी सापडेना. सगळीकडून नुसतं पाझरत होतं.

"काका, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास होता का?"

काका दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयातून निवृत्त झालेले, तिथेच द्वारका भागातल्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे. लग्न केलं नव्हतं. ऑपरेशनला आले तेही एकटेच.

"ताईला माहीत असेल. पण आम्ही बोलत नाही." आईच्या शेवटच्या आजारपणात ते अकोल्याला गेले नव्हते, तेव्हापासून.

"मी विचारू?"

काकांनी डोळे मिटले आणि ताईचा नंबर तोंडपाठ सांगितला.

अरुणाताईंना आठवायला वेळ लागला नाही. "आमचा मामा दात काढल्यावर गेला. कितीतरी दिवस तोंडातून रक्त येत होतं म्हणे."

केतकीने लगेच खास तपासणी करून घेतली. रक्त गोठवणारा एक घटक काकांमध्ये जन्मापासूनच कमी होता. सौम्य हिमोफिलिया, नेहमीच्या तपासणीत तो निसटला होता. त्या घटकाची इंजेक्शनं सुरू झाली, तसा नळीतला रंग हळूहळू फिका होत गेला.

निदान कळवायला तिने पुन्हा फोन केला. "हे आईकडून मुलांत येतं. तुम्हाला मुलगा आहे?"

"ऋग्वेद. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय."

"आधी त्याची तपासणी करा. बिल्कुल घाई करू नका. आणि... काकांना फोन देऊ?"

"बरा हो म्हणावं त्याला," ताई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

काका दाराकडेच बघत होते. "काय म्हणाली?"

"बरा हो, म्हणाल्या."

"अजून?"

केतकीने नकारार्थी मान हलवली. काकांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

महिन्याभराने काका तपासणीला आले. केतकीने त्यांना ताईंचा मेसेज दाखवला. ऋग्वेदलाही तोच आजार निघाला होता. आधी इंजेक्शनं देऊन त्याचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं होतं. ताईंनी डॉक्टरांचे आभार मानले होते. भावाचा उल्लेख नव्हता.

काकांनी मेसेज सावकाश दोनदा वाचला. "पोराचं नीट झालं ना, बस," ते म्हणाले. "मी त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो शाळेत होता."

मग फोन परत देऊन ते मेट्रो गाठायला निघाले.