जुळ्यांचा पाळणा

मी एक जुना पाळणा आहे. पण मित्रांनो, इतर पाळण्यांसारखं रोजचं काम माझ्या वाट्याला आलं नाही. आमच्या प्रसूतिगृहात बारा खाटा आणि बारा पाळणे. उरलेल्या लाकडातून सुतारदादांनी मला आणखी एक म्हणून घडवलं. "जुळं झालं तर दुसऱ्याला कुठे निजवाल?" असं ते म्हणाले होते.

जुळं जन्मलं की मला कोठीतून बाहेर काढत. मोठ्या सिस्टर दर वेळी माझ्या बुडाला पेन्सिलीने महिना लिहीत. उन्हाळ्यात मी धूळ खात पडे. थंडीत मात्र मला उसंत नसे. असं का, ते कळत नसे.

एका उन्हाळ्यात नवे डॉक्टर आले. कोठी आवरताना म्हणाले, "हा पाच महिने पडूनच आहे. भंगारात द्या."

सिस्टरांनी मला उलटं केलं. डॉक्टर तिथेच मांडी घालून बुडावरचे महिने मोजू लागले. एकूण ब्याऐंशी जुळी. त्यांतली एकोणचाळीस थंडीच्या तीन महिन्यांतली.

"थंडीत बाळंतपणंच जास्त होत असतील."

सिस्टरांनी जन्मनोंदीची वही आणली. बाळंतपणं बाराही महिने जवळपास सारखीच होती.

"मग जुळ्यांनाच थंडी का आवडते?"

"जन्मली कधी ते कशाला बघता? पोटात रुजली कधी ते बघा. तेव्हाचं ऊन, हवा, आईचं खाणं, कशानं होतं कोण जाणे."

"एका दवाखान्यावरून नियम नाही सांगता येणार, सिस्टर."

"नियम नका सांगू. पाळणा तेवढा राहू द्या."

मी राहिलो. थंडी पडली. एका सकाळी बाराही खाटा भरलेल्या असताना एकीला मुलगी झाली, आणि पाठोपाठ दुसरी. पोटात दोघी आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसरी जेमतेम दीड किलोची.

"एकाच पाळण्यात ठेवा की," मुलींची आजी म्हणाली. "इतके दिवस राहिल्याच ना एकत्र."

"हिला गरम पाण्याच्या पिशव्यांची ऊब लागेल, आजी. मोठीला ती सोसायची नाही," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टर स्वतः मला खांद्यावर घेऊन धावत आले. अकरा दिवस ती माझ्यात निपचित होती. बाराव्या दिवशी भुकेनं तिनं असं भोकाड पसरलं, की सिस्टर खुर्चीत बसून रडल्या.

डॉक्टर आता जुळ्यांच्या प्रत्येक आईला नाना प्रश्न विचारतात. उत्तर अजून सापडलेलं नाही. मित्रांनो, एखादी वस्तू नुसती पडून दिसली, तर टाकण्याआधी तिची गरज कधी पडते ते विचारा. आणि तिला जपा. माझ्या कड्यांना अजून वेळच्या वेळी तेल मिळतं. निजलेलं बाळ करकरीनं जागं होता कामा नये.