गच्चीवरचं भिरभिरं

"काका, वारा किती हाय? मायकेलला जाऊ देऊ ना?"

गोडदेवच्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर, फोन कानाला लावून काशीनाथ भिरभिऱ्याकडे बघत होते. वाऱ्याचा वेग मोजणारं ते तीन वाट्यांचं यंत्र त्यांनी निवृत्तीनंतर हौसेनं बसवलं होतं. लोक रिटायर झाले की भजनाला जातात, हे गच्चीवर जायचे. सोसायटीत त्यांची चेष्टा होई. दारावर मासळी आणणारी, पालीच्या कोळीवाड्यातली मॅबेल मात्र रोज सकाळी फोन करून वारा विचारी आणि नवऱ्याला, मायकेलला, सांगी. काशीनाथांना त्याचा केवढा अभिमान!

अरबी समुद्रात चक्रीवादळ होतं. बंदरावर धोक्याचा बावटा चढला होता. पण मायकेलचं जाळं समुद्रातच खुंटांना बांधलेलं होतं. ते वाचवायचं तर आत्ताच होडी काढायला हवी होती.

"वाट्या जेमतेम फिरतायत," काशीनाथ म्हणाले. "पटकन जाऊन येईल तो."

"मंग सांगते त्याला. तुमी बोललात म्हंजे झालं."

ते खाली आले तेव्हा बायको, शुभदा, दक्षिणेच्या गॅलरीत चादरींशी झटत होती. "अहो, जरा धरा. चिमटे तुटले बघा."

वारा काशीनाथांच्या तोंडावरच आला. त्यांनी मान वर केली. पश्चिमेला गच्चीला खेटून नवा टॉवर उभा राहत होता. पावसाळाभर त्याचे मजले चढत होते. गच्चीवरचं ऊन लवकर जातं म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुरकुर त्यांनीच केली होती. गच्चीवर येणारा समुद्राचा वाराही अडेल, हे काही सुचलं नव्हतं.

फोन लावला, तर मॅबेल म्हणाली, "गेला की. फोन घरीच ठेवलाय, भिजतो म्हनून."

काशीनाथ रिक्षा करून पालीला पोचले तेव्हा समुद्र काळवंडला होता. किनाऱ्यावर मॅबेल वाळत घातलेले बोंबील भराभर उतरवत होती.

"मॅबेल, माझं चुकलं गं. टॉवरनं वारा अडवला होता."

तिनं त्यांच्याकडे बघितलं. मग टोपलं पुढे केलं. "धरा."

काशीनाथ टोपलं धरून उभे राहिले. ती एक बोंबील काढी, एकदा समुद्राकडे बघी. त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं, समुद्राकडेही बघवत नव्हतं. बोंबील संपले, तरी ते टोपलं धरूनच होते.

होडी दिसली तेव्हा अंधारून आलं होतं. मायकेल ओलाचिंब उतरला. होडीत जाळं नव्हतं.

"कापून टाकलं," तो म्हणाला. "न्हायतर मी पन गेलो असतो."

मॅबेलनं आपला पदर त्याच्या डोक्यावरून फिरवला, लहान मुलाचं पुसावं तसं. काशीनाथांनी टोपलं हळूच खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला नाही. काशीनाथ गच्चीवर गेले. वाट्या हलत नव्हत्या. बराच वेळ ते तसेच उभे राहिले, मग त्यांनीच नंबर लावला.

"मॅबेल, आज तिकडे वारा कसा आहे?"



"थांबा काका," ती म्हणाली, "भायेर जाऊन बघते."